राणीच्या गालाचा लोणा

१

राणीचा डावा गाल गेला होता.

दिवाळीनंतरच्या रविवारी, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर संग्रहालय उघडण्याआधी पहारेकऱ्याने दालनातले दिवे लावले आणि त्याच्या तोंडून अल्लाचं नाव निघालं. साडेतीन हजार वर्षं टिकलेला हळदीसारखा पिवळा रंग डोळ्याखालून हनुवटीपर्यंत, चांगला तळहाताएवढा, सोलून निघाला होता. आतली चुनखडी पांढरीफटक उघडी पडली होती. उजवी बाजू मात्र जशीच्या तशी होती. काजळाने ओढलेला लांब डोळा, ओठाच्या कोपऱ्याशी वयाच्या दोन बारीक रेघा, डोक्यावर गिधाडाच्या पंखांचा निळा मुकुट. इजिप्तच्या कुठल्यातरी राजाची ही आई. तिचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण नाव कोरलेला खालचा भाग कधीच हरवला होता.

दोह्यातलं हे लहानसं खासगी संग्रहालय. मूर्ती त्यांची नव्हती. युरोपातल्या एका व्यापाऱ्याने ती दोन वर्षांसाठी ठेवायला दिली होती आणि तिचा विमा उतरवलेला होता. त्यामुळे दहाच्या सुमारास सुहासिनी खांबेटेला फोन गेला.

सुहासिनी नाशिकची, वय अठ्ठावन्न. जुने दगड आणि त्यांवरचे रंग सांभाळणं हे तिचं काम. दोह्यात तिला चौदा वर्षं झाली होती. नवरा गेल्यावर परत जायचं म्हणत म्हणत ती इथेच राहिली. अधूनमधून विमा कंपन्यांसाठी नुकसानीचे अहवाल लिहून द्यायची.

संग्रहाचा व्यवस्थापक श्याम कर्णिक तिला दारातच भेटला. पुण्याचा, पन्नाशीचा, मऊ बोलणारा. मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात सूत्रसंचालन तोच करायचा.

"सुहासिनीताई, बरं झालं तुम्हालाच पाठवलं. आपलं माणूस असलं की बोलायला सोपं जातं."

"झालं काय, श्याम?"

"काय व्हायचं! आमचा हँडलर, संपत गव्हाणे. दर गुरुवारी राणीची काचेची पेटी आतून साफ करायचं काम त्याच्याकडे. कोरडा ब्रश वापर म्हणून शंभरदा सांगितलंय. या गुरुवारी मला फोन आला म्हणून मी जरा बाजूला झालो, तेवढ्यात पठ्ठ्याने ओलं फडकं मारलं. कबूल केलंय, सही केलीय. कंपनी केस न करता त्याला मंगळवारी घरी पाठवतेय. तुम्ही त्याआधी रिपोर्ट द्या, की खलास."

दालनाकडे जाताना वाटेत स्पर्शदालन लागलं. अंधांना हात लावून बघता यावं म्हणून तिथे मूर्तींच्या नकला ठेवलेल्या असत. दाराला पाटी लटकत होती, 'दुरुस्तीसाठी बंद, १७ सप्टेंबरपासून'. सुहासिनीने ती वाचली आणि पुढे गेली.

पेटीला दोन कुलपं होती. एक किल्ली श्यामकडे, दुसरी नोंदी ठेवणाऱ्या नुपूरकडे. नुपूर तिशीची, डोंबिवलीची. तिने मान खाली घालून आपलं कुलूप उघडलं आणि बाजूला सरकली.

सुहासिनीने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काढलं नाही. इजिप्तच्या कारागिरांनी हे रंग डिंकात कालवून लावलेले. त्याला ओलं फडकं लागलं तर डिंक सुटतो, रंग ओघळतो, कडेला पिवळट डाग फरफटत जातो. इथे उरलेल्या रंगाची कड वाळलेल्या पापुद्र्यासारखी कोरडी, धारदार होती. फरफटल्याची एक रेघ नव्हती.

या गालाला पाणी लागलेलंच नव्हतं.

२

संपतला तळमजल्यावर पहारेकऱ्यांच्या खोलीत बसवलं होतं. जुन्नर तालुक्यातला पंचेचाळिशीचा माणूस, जातीचा पाथरवट. आजा-पणजा जात्यांना टाकी लावत गावोगाव हिंडलेले. त्याच्या हाताच्या कातडीत दगडाची भुकटी कायमची मुरली होती. सुहासिनी आत आली तसा तो उभा राहिला.

"बसा, संपत. मी मराठीच आहे. काय झालं ते मला सांगा."

"काय सांगायचं, बाई. लिवलंय की समदं. म्याच पुसलं."

"कशानं?"

"वल्या फडक्यानं."

"का? तुम्ही दगडातले माणूस. तुम्हाला कळत नव्हतं?"

तो भिंतीकडे बघत राहिला. "चुकलं."

"कागद कुठल्या भाषेत होता?"

"विंग्रजीत. खाली अरबी बी हुतं."

"कुणी वाचून दाखवला?"

"कर्णिकसायबांनी सांगितलं काय हाय ते."

सुहासिनीने वहीत नोंद केली. मग सहज विचारावं तसं म्हणाली, "कुठला गाल पुसलात?"

संपतने तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला. त्याचा हात वर गेला, जरा घुटमळला आणि त्याच्या स्वतःच्या उजव्या गालावर टेकला.

"ह्यो."

"तिचा उजवा?"

"व्हय. उजवाच."

तिने वही मिटली. राणीचा गाल घालवला अशी सही करणाऱ्या माणसाला कुठला गाल गेला हेसुद्धा माहीत नव्हतं.

"घरी कोण असतं तुमच्या?" उठता उठता तिने विचारलं.

"आय हाय, हौसाबाई. आन् बायकू, शालू." तोही उठला. "आजारी हाय ती. पोटात गाठ हाय. डाक्टर म्हनले, दिवाळी निघंल, फुडचं सांगता येत न्हाई. तीनदा रजा मागितली बाई म्या. परदर्शन झाल्यावर जा म्हनले."

३

दुपारी सुहासिनीने पेटीच्या तळाशी पडलेल्या रंगाच्या खपल्या मऊ ब्रशने गोळा केल्या. एकूण एक. चहाचा अर्धा चमचासुद्धा भरला नाही. तळहाताएवढा रंग सुटला, तर निदान तीन-चार चमचे खपल्या निघायला हव्यात. संपतचं फडकं पुरावा म्हणून पिशवीत बंद करून ठेवलेलं होतं. ते उघडून पाहिलं तर त्यावर करडी धूळ होती, पिवळ्याचा कणही नव्हता.

मग बाकीचा गाल पडला कुठे?

तिने पुन्हा भिंग लावलं. उघड्या दगडावर पांढरे, केसासारखे तंतू उगवले होते. जिभेला लावले असते तर खारट लागले असते. पावसाळ्यात भिजलेल्या आणि मग सुकलेल्या भिंतींना जो येतो, तोच हा लोणा. इजिप्तच्या जमिनीत शतकानुशतकं पडून राहिलेल्या चुनखडीच्या पोटात मीठ असतंच. हवा दमट झाली की ते विरघळतं, कोरडी झाली की स्फटिक होऊन फुगतं आणि रंगाला मागून ढकलतं. पण हे दोन दिवसांत होत नाही. रोज दमट, रोज कोरडी अशी हवा आठवडेच्या आठवडे लागते. आणि हा लोणा एकाच बाजूला होता. म्हणजे दमट वारा राणीच्या डाव्या अंगावर येत होता. बंद पेटीत वारा कुठला?

"श्याम, पेटीतल्या हवेची नोंद दाखवा."

राणीच्या खालच्या धातूच्या बैठकीत काडेपेटीएवढी एक डबी बसवलेली असे. हवेतला ओलावा ती दर तासाला टिपायची. आज तिची जागा रिकामी होती.

"डबी तपासणीला पाठवलीय," श्याम म्हणाला. "पण ग्राफ आहे माझ्याकडे. बघा ना, कशी आखल्यासारखी रेघ आहे. हवेचा काही दोष नाही, ताई."

रेघ खरोखरच आखल्यासारखी होती. दोन महिन्यांत तिने मान वर केली नव्हती.

कागद घेऊन सुहासिनी तळघरात गेली. तिथे थंड हवेची यंत्रं सांभाळणारा नसरुद्दीन मिरजेचा. यंत्रांच्या घरघरीत मोठ्याने बोलायची त्याला सवय झालेली.

"या की ताई! चहा घेणार?"

"नसरुद्दीन, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तुमचं यंत्र कधी बंद पडलं होतं का?"

"पडलं होतं की ओ! एकोणतीस सप्टेंबर, दुपारी. चार तास. विसरतोय होय मी? वर माणसं घामानं चिंब. सगळ्यांना बाहेर काढलं आणि दारं बंद केली. ही बघा नोंद." त्याने जाडजूड वही पुढे केली. त्याच्या हाताने, तारीख-वेळ घालून सगळं लिहिलेलं होतं.

सुहासिनीने त्या वहीवर श्यामचा कागद ठेवला. एकोणतीस सप्टेंबर. रेघ सरळ, नितळ.

नसरुद्दीन वाकून बघत होता. हळूहळू त्याचा आवाज खाली आला.

"ताई, ही त्या दिवसाची रेघ न्हवंच. आख्खी इमारत तापली होती त्या दिवशी. कुणीतरी दुसऱ्या सालची आणून चिकटवलीया."

४

सोमवारी सकाळी ती स्पर्शदालनाबाहेरच्या बाकावर बसली. राणी पेटीत नव्हती, हे आता नक्की झालं होतं. कित्येक आठवडे ती दुसरीकडे कुठेतरी होती. अशा जागी, जिथे एका अंगाला समुद्राचा दमट वारा येत होता आणि नंतर यंत्राच्या थंड हवेने ती वाळत होती. बहुतेक खपल्या तिथेच पडल्या. डबी बैठकीत असल्यामुळे राणीबरोबरच गेली आणि तिने सगळं टिपलं. म्हणून तर ती डबी गायब करावी लागली आणि जुनी रेघ चिकटवावी लागली.

पण रिकामी पेटी लोकांना दिसली असती. कुणीच तक्रार केली नाही. म्हणजे पेटीत काहीतरी होतं.

तिने समोरची पाटी पुन्हा वाचली. १७ सप्टेंबरपासून बंद. मग आतल्या पहारेकऱ्याला विचारलं, राणीची नकल कुणी केली होती?

"संपत," तो हिंदीत म्हणाला. "सब बोलते हैं, असली से पहचानना मुश्किल."

दुपारी नुपूर गाडीत बसून डबा खात होती. सुहासिनी शेजारच्या सीटवर जाऊन बसली. नुपूरने डबा मिटला.

"सतरा सप्टेंबरला तू कुठे होतीस?"

"डोंबिवलीला. पप्पांचं ऑपरेशन होतं. पंचवीसला परत आले."

"आणि तुझी किल्ली?"

नुपूरने डबा बाजूला ठेवला. "सरांकडे."

"म्हणजे दोन्ही किल्ल्या एका हातात होत्या. तू आलीस तेव्हा पेटीत काय होतं, नुपूर?"

नुपूरचे डोळे भरून आले. "कॉपी होती, मॅम. मला दुसऱ्याच दिवशी कळलं. सर म्हणाले, मूर्तीच्या ओनरच्या, त्या व्यापाऱ्याच्या, मुलीचं लग्न आहे, पर्ल बेटावरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये पाहुणे येतायत, त्यांना दाखवायला त्यांनी स्वतःची वस्तू नेली तर आपण कोण विचारणारे? महिनाभरात परत येईल म्हणाले. शुक्रवारी आणली. सरांनी बॉक्स उघडला आणि मटकन खालीच बसले."

"आणि तू?"

"माझा व्हिसा सरांच्या सहीवर रिन्यू होतो, मॅम." मग तिने फोन काढला. "डबी तपासणीला वगैरे गेली नाहीये. सरांनी ती फेकली. पण त्याआधी मी डेटा उतरवून घेतला होता. का घेतला, मला नाही माहीत."

फोनच्या पडद्यावर करवतीच्या दातांसारखी रेघ होती. रोज संध्याकाळी, बाल्कनी उघडली की ओलावा वर, पहाटेपर्यंत खाली. सदतीस दिवस, सदतीस दात.

"यात माझं नाव येणार?" नुपूरने विचारलं.

सुहासिनीला खोटं बोलवेना. "येईल," ती म्हणाली.

५

श्यामच्या टेबलावर दिवाळीच्या चिवड्याचा डबा अजून तसाच होता. त्याने तो पुढे केला. सुहासिनीने हात लावला नाही.

"रंग ओघळलेला नाही, म्हणजे पाणी लागलेलं नाही," ती म्हणाली. "लोणा आहे, म्हणजे हे काम कित्येक आठवड्यांचं. खपल्या अर्धा चमचा, म्हणजे बाकीचा गाल दुसरीकडे पडला. तुमच्या ग्राफला यंत्र बंद पडल्याचा दिवस माहीत नाही. संपतला गेलेला गाल माहीत नाही. आणि ज्या गुरुवारी त्याने पेटी पुसली म्हणता, त्या गुरुवारी आत त्याचीच नकल होती. राणी शुक्रवारी आली. दोन्ही किल्ल्या फक्त तुमच्या हातात होत्या, श्याम. विमा फक्त या इमारतीपुरता आहे. पर्लवर बिघडली तर कुणी भरपाई देणार नाही. इथे नोकराच्या हातून बिघडली तर देतील. म्हणून तुम्हाला नोकर हवा होता."

श्यामने नाकारलं नाही, हेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं. त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"बरोबर आहे सगळं. एक अक्षर चुकलं नाही तुमचं." मग तो जवळजवळ प्रेमाने म्हणाला, "आता पुढचं ऐका. संपतचं तिकीट उद्या संध्याकाळचं आहे. तुम्ही हे आज दिलंत, तर उद्या सकाळी पोलीस येतील. मग तो साक्षीदार. खोटी सही केली म्हणून कदाचित आरोपीसुद्धा. पासपोर्टवर बंदी येणार. चार महिने, सहा महिने, इन्शाल्ला वर्षसुद्धा. तिकडे त्याची बायको तोपर्यंत थांबेल का, तुम्हीच सांगा."

"हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणूनच त्याला निवडलंत."

"मी त्याला घरी पाठवतोय, ताई. तुम्ही अडवताय."

"तीनदा रजा नाकारलीत त्याची."

"नुपूर सोडली तर मूर्ती बाहेर असताना पेटीतली नकल ओळखणारा एकच माणूस होता," श्याम म्हणाला. "त्याला गावी जाऊन गप्पा मारू देणं परवडणारं नव्हतं."

ती उठली. जिना उतरायला लागली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की खरं शोधून काढणं हेच अवघड असतं.

६

कामगारांच्या वस्तीत एका खोलीत सहा खाटा होत्या. त्यातल्या एकीवर संपत बॅग भरून बसला होता. आजूबाजूची माणसं कामावर गेलेली. सुहासिनीने त्याला सगळं सांगितलं. तो मधेमधे मान हलवत होता.

"मला ठावं हुतं, बाई. पाच आठवडं दर बेस्तरवारी म्या माझाच दगड पुसत हुतो. पयल्याच दिशी वळखला. सायबांना म्हनलं, थोरल्या बाई कुठं गेल्या? म्या त्यांना थोरल्या बाईच म्हनतो. ते म्हनले, तुला घरी जायचंय ना? मग गप ऱ्हा."

"आणि सही?"

"सही केली तर मंगळवारी इमान, न्हाई केली तर जेल. मंग काय इचार करायचा?"

"संपत, माझ्याकडे पुरावा आहे. तुमच्यावरचा आळ पुसून टाकता येईल."

तो खाटेवरून उठला आणि तिच्यासमोर खाली फरशीवर बसला. तिने उठवायचा प्रयत्न केला, पण उठला नाही.

"खरं लिवू नका, बाई. तुमच्या पाया पडतो. लोक काय म्हनायचं ते म्हनू द्या. मला निस्तं तिच्यापाशी जाऊन बसू द्या."

"शालूला काय सांगितलंत?"

"कंपनीतनं कुनीतरी गावात फोन केला हुता. तिच्या कानावर गेलंच. मला म्हनली, तुमच्या हातनं दगूड कसा काय बिघडला वो? उभ्या जन्मात एक चिरा फुटला न्हाई कवा तुमच्या हातनं." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "फोनवर काय बोलू? कुनी ऐकलं तर तिकीट जायचं. म्हनलं, घरी आल्यावर सांगतो. कानात सांगतो."

"आज बोललात तिच्याशी?"

"सकाळी केला हुता. आय म्हनली, निजलीय."

सुहासिनी बाहेर आली. उन्हात कामगारांच्या बसची रांग लागली होती. तिने गाडी सुरू केली आणि तशीच बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिला एक वाट सुचली. अहवाल मंगळवारऐवजी बुधवारी द्यायचा. मंगळवारी संध्याकाळी विमान सुटेल. बुधवारी सकाळी सगळं खरं, एकही शब्द न वगळता, विमा कंपनीच्या हातात. एका दिवसाचा उशीर. त्यात कुणाचं काय जाणार होतं?

तिने विमा कंपनीला कळवलं, तब्येत बरी नाही, एक दिवस द्या.

७

मंगळवारी संध्याकाळी संपत गेला. विमानतळावरून त्याने दोनच शब्दांचा निरोप पाठवला, "बसलो बाई."

बुधवारी नऊ वाजता सुहासिनीने चौदा पानी अहवाल दिला. भिंगातून काढलेले फोटो, खपल्यांचं वजन, नसरुद्दीनच्या वहीचं पान, नुपूरची करवती रेघ, सगळं. शेवटच्या पानावर तिने लिहिलं की संपत गव्हाणे या कामगाराचा या नुकसानीशी काडीचाही संबंध नाही आणि त्याचा कबुलीजबाब दबावाखाली घेतलेला आहे.

विमा कंपनीचा माणूस सभ्य होता. त्याने तोंडभरून कौतुक केलं. आठवडाभरात त्यांनी व्यापाऱ्याला भरपाई नाकारली. व्यापाऱ्याने वाद घातला नाही, राणी खोक्यात घालून घेऊन गेला. तक्रार कुणीच केली नाही, त्यामुळे पोलीसही आले नाहीत. श्याम महिन्याभरात दुसऱ्या नोकरीवर गेला, मराठी मंडळाने त्याला निरोपाची शाल दिली. नुपूरचा व्हिसा पुढे वाढला नाही.

"आणि संपतची कबुली?" सुहासिनीने विमा कंपनीच्या माणसाला विचारलं. "ती रद्द करायला सांगा. काळ्या यादीत नाव आहे त्याचं."

"मॅडम, ती त्यांच्या ऑफिसची फाइल आहे. आमचा क्लेम बंद झाला."

तिने संग्रहालयाला तीन पत्रं लिहिली. एकाचं उत्तर आलं, की संबंधित कर्मचारी आता सेवेत नसल्याने प्रकरण संपलेलं आहे.

मग तिने शेवटचं पान स्वतःच्या हाताने मराठीत लिहून काढलं. सोप्या शब्दांत, मोठ्या अक्षरात. खाली सही केली, शिक्का मारला आणि जुन्नर तालुक्यातल्या पत्त्यावर पाठवलं. सव्वा महिना झाला होता. इतके दिवस फोन करायचा धीर तिला झाला नव्हता. पाकीट पोचल्याची पावती आल्यावर तिने केला.

"पोचलं, बाई," संपत म्हणाला. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. "लई बेस लिवलंय."

"शालू कशी आहे?" हे विचारताना उत्तर आपल्याला माहीत आहे असं तिला वाटत होतं.

"ती म्या निघायच्या आदल्या दिशीच गेली, सोमवारी. दुपारी."

सुहासिनीने फोन दोन्ही हातांनी धरला. सोमवारी दुपारी. ती नुपूरच्या गाडीत बसली होती. किंवा श्यामच्या टेबलासमोर. त्या वस्तीत संपत तिच्या पायाशी बसला, तेव्हा ज्या बाईसाठी तो गयावया करत होता ती उरलेलीच नव्हती.

"घरच्यांनी कळवलं न्हाई मला. वाटंत काय करून घील म्हनून. मंगळवारी बी आय म्हनली, निजलीय. बुधवारी येशीत भाऊ उभा हुता, डोकं भादरलेला. तवा कळलं." त्याचा आवाज शांत होता. "ठिवली न्हाई. किती दिस ठिवनार?"

"संपत, मी..."

"तुमचं काय न्हाई वो बाई. तुमी केलं तेवढं कुनी केलं न्हाई."

"तो कागद जपून ठेवा," ती कसंबसं म्हणाली. "त्यावर सगळं खरं लिहिलंय. तुमच्या हातून काही बिघडलं नव्हतं. गावात दाखवा. वाचून दाखवा सगळ्यांना."

पलीकडे कागद सळसळला. कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज झाला. मग तो बोलला, अगदी साधेपणाने, खरंच विचारावं तसं.

"गावाचं काय हाय, बाई. गाव इसरंल. जिला सांगायचं हुतं ती म्हनत गेली, ह्यांच्या हातनं दगूड कसा बिघडला. आता ह्यो कागद म्या कुनाला वाचून दावू?"